एकाच रविवारी दोन हजेऱ्या

१६ फेब्रुवारी, सोमवार
गुडघा आज बरा. हॉकीची प्रॅक्टिस सकाळी सहा ते साडेआठ. धुकं इतकं की समोरचा गोलपोस्ट अंदाजानेच. टीममधल्या पूनमने चाळीस पेनल्टी कॉर्नर मारले (यापुढे पे.कॉ., हात भरून येतो लिहिताना). चाळीसही वेळा मी धावले. ती फ्लिक मारणार आणि मी गोललाइनवरून सुटून सरळ तिच्या अंगावर जाणार. फर्स्ट रशर. अकरा वर्षं हेच काम. तोंडाला मास्क, गुडघ्यांना पॅड, आणि आमच्या घरात देव नाही, त्यामुळे बाकीचं सगळं माझ्यावर.

कोच सर म्हणाले, गज्जू, इकत्तीस की हो गई, अब बच्चियों को सिखा. गजभिये हे आडनाव नीट म्हणणं या शहरात आजवर एकालाही जमलेलं नाही, आणि माझा तर जन्म इथलाच. म्हटलं, सिखा दूँगी सर, पहले कोई मुझसे तेज़ तो भागे. ते हसले. मी गंमत केली नव्हती.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
मेल आला!! नॅशनल कँपची ट्रायल. १५ मार्च, रविवार, सकाळी साडेनऊ. माझं नाव आहे. चारदा वाचलं. पूनमचंही आहे. तिने घरून, सोनीपतहून, फोन केला आणि दोन मिनिटं नुसती किंचाळली.

दोन वेळा कँपला गेलेय. दोन्ही वेळा राखीव. टीम विमानात, मी घरी. यावेळी झालं तर झालं, नाहीतर चौथ्यांदा कोणी बोलवायचं नाही, एवढं मलाही कळतं.

घरी सांगितलं. आई म्हणाली, पुन्हा दात पाडून घेशील. (पुढचे दोन माझे नाहीत, डॉक्टरांचे आहेत.) बाबा उठले. चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
बाबा का उठून गेले ते आज कळलं. माझ्या खात्यात प्रमोशनची परीक्षा. १५ मार्च, रविवार, सकाळी साडेनऊ. धन्य!

बाबा रिटायर होऊन पाच वर्षं झाली, पण माझ्या ऑफिसातलं सर्क्युलर माझ्याआधी त्यांच्या मोबाइलवर येतं. जुने मित्र पाठवतात. फॉर्म त्यांनीच डिसेंबरात भरून घेतला होता, मी न वाचता सही ठोकली. आज बाबा करोल बागेत जाऊन गाइड घेऊन आले. ब्राऊन पेपरचं कव्हर घालून, वर माझं नाव लिहून, माझ्या उशीजवळ ठेवलीय. पाचवीतल्यासारखं.

ही परीक्षा मी दोनदा बुडवलीय, दोन्ही वेळा टूर्नामेंटपायी. परत कधी निघेल कोणास ठाऊक. बाबांचं म्हणणं एवढंच: "माझा बाप गावात दुसऱ्यांचे निरोप पोचवायचा. मी फायलीवर नोटिंग लिहायला लागलो. तू त्या फायलीवर निर्णय द्यावास."

  गाइड उघडली, पहिलं पान वाचलं, बंद केली.

२ मार्च, सोमवार
ऑफिस. ट्रायलला जायला खात्याची एनओसी लागते, तो अर्ज दिला. कॉपीवर शिक्का मारून पोच घेतली. ही सवय बाबांची.

चहाच्या वेळी शेजारच्या टेबलवाले म्हणाले, आपका क्या है मैडम, डबल कोटा. मी नोकरीला लागले ती खेळाडू म्हणून, ओपनमधून. हे मी सांगणार होते. मग म्हटलं, सफाई का द्यायची? मी एवढंच म्हणाले, "हाँ जी. एक में मैंने दाँत तुड़वाए. दूसरे में मेरे दादा ने कुएँ से दूर खड़े होकर पानी माँगा. आपको कौन सा चाहिए?"  समोसा अर्धा टाकून उठले ते.

नंतर सही करताना पेनने कागद फाडला. रागाने. भीतीने नाही, नोंद असावी.

८ मार्च, रविवार
बाबांच्या रिटायर्ड मंडळींचं जेवण, कोपर्निकस मार्गवरच्या मराठी कँटीनमध्ये. मलाही नेलं. सगळे नागपूर, भंडारा, नांदेडकडचे काका लोक. जेवण छान, तिखट. बाबा एकेकाला सांगत होते, ही आता ऑफिसर होणार. एका काकांनी विचारलं, मग हॉकी सोडली का पोरी? माझ्या आधी बाबाच म्हणाले, हो, झालं आता.

घास तसाच ठेवला आणि म्हटलं, "नाही काका. पंधरा तारखेला ट्रायल आहे."

सगळे ताटात बघायला लागले. परतताना मेट्रोत बाबा दोन सीट सोडून बसले. आमच्या वैशाली स्टेशनपर्यंत. घरी आल्यावर आईला म्हणाले, तुझी मुलगी दुराग्रही आहे. मला शब्द मोबाइलवर बघावा लागला. हट्टीपेक्षा वाईट निघाला.

११ मार्च, बुधवार
एनओसी आली नाही म्हणून सेक्शन ऑफिसर मॅडमकडे गेले. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, वो तो फ़ाइल में लग गया, आप तो एग्ज़ाम दे रही हैं ना? आपके पापा आए थे सोमवार को.

बाबा. माझ्या सेक्शनमध्ये. मॅडमसोबत चहा घेतला, जुन्या ओळखी निघाल्या, आणि सांगून आले की मुलगी परीक्षेला बसतेय, एनओसीचं राहू द्या. मॅडमनी तशी नोट टाकून कागद फाइल केला. वरचे साहेब सोमवारपर्यंत टूरवर. म्हणजे रविवारच्या आत काही होत नाही.

बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुतलं. डोकं असं फिरलंय की लिहिता येत नाहीये.

१२ मार्च, गुरुवार
काल रात्री टाळलं, आज सकाळी बाबांना विचारलं. बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली घेतला नाही त्यांनी. म्हणाले, मी चोरी केलेली नाही, रीतसर भेटून आलो. एखादा बॉल डोळ्याला लागला तर कोण विचारणार आहे तुला? खेळ कुणाचा झालाय? अभ्यासाने इथवर आलो आपण.

मी म्हटलं, "गावात आपल्या लोकांच्या वतीने दुसरेच बोलायचे, हे तुम्हीच सांगता ना बाबा? मग माझ्या वतीने तुम्ही काय बोलून आलात?"

पेपर खाली आला. त्यांचा चेहरा बघवला नाही मला. पण शब्द परत घेतले नाहीत आणि घेणार नाही. आई पोळी लाटायची थांबली होती. म्हणाली, बस कर. कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

पूनमला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, तो के होया, बिना कागज़ के आ जा, मैं देख लूँगी. काय बघणार आहे ती! पण बरं वाटलं.

१४ मार्च, शनिवार
ठरलं. ट्रायल. एनओसी नाही, तरी जाणार. ऑफिसने मेमो दिला तर घेईन. बाबांना तोंडावर सांगितलं, मागून कळायला नको. म्हटलं, मी उद्या परीक्षेला नाही जाणार. ट्रायलला चाललेय. ते म्हणाले, ठीक आहे. तो 'ठीक आहे' मला माहितीये. लहानपणी प्रगतिपुस्तक बघून असाच यायचा.

डायनिंग टेबलवर एका बाजूला ॲडमिट कार्ड, प्रिंट काढून, फोटो चिकटवून. दुसऱ्या बाजूला माझे पॅड वाळत. आईने दोन्ही तिथेच ठेवले, मधे कोशिंबीर.

मला परीक्षेचा तिटकारा नाही. बसले तर पास होईन, बाबांचीच मुलगी आहे. पण एकतिसाव्या वर्षी कोणीतरी म्हटलंय की ये, बघू दे. मी नाही म्हणू? कशासाठी?

१५ मार्च, रविवार
सव्वाआठला स्टेडियम. नोंदणीच्या टेबलावर एनओसी मागितली. अर्जाची पोचवाली कॉपी दिली. माणसाने शिक्का बघितला, मला बघितलं, म्हणाला बाद में जमा करा देना. आत सोडलं.

वॉर्मअपनंतर फोन बघितला. आठ चाळीसला बाबांचा मेसेज. सेंटरचा पत्ता आणि खाली: गेट सव्वानऊला बंद. अजून वेळ आहे. मी वाचला तेव्हा नऊ दहा झाले होते. लिहिलं, बाबा मी मैदानावर आहे. फोन बॅगेत टाकला.

पहिला पे.कॉ. मी खांदा वळवला. अकरा वर्षांत जे केलं नाही ते. रशरने अंग चोरलं की संपलं, गोलकीपरला काही दिसत नाही, बॉल कुठूनही जातो. गेला. गोल. बाहेर बसलेल्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, आटोपलं.

मग इतका राग आला स्वतःचा. ज्यासाठी बापाला दुखावलं ते असं करायला? दुसऱ्यांदा सरळ गेले, बॉल अडवला. स्टिकवर. तिसरा पूनमचा, तिने काही दयामाया दाखवली नाही, मांडीवर बसला, निळं-काळं झालंय. चौथा परत स्टिकवर. पाचव्याला तिने डमी केली आणि मी फसले. सहावा अडवला. सहात चार. कोणाला किती लागतात ते कोणी सांगत नाही. यादी आठवड्याभरात म्हणाले.

घरी आले तेव्हा बाबा झोपले होते, दुपारी चारला. ते दुपारी कधी झोपत नाहीत. आईने मांडीवर बर्फ धरला. लय दुखते का, विचारलं. तिच्या तोंडून भंडाऱ्याची भाषा निघते तेव्हा ती घाबरलेली असते.

१७ मार्च, मंगळवार
मेमो. परवानगीशिवाय ट्रायलला हजर राहिले, नामांकन असून परीक्षेला गैरहजर. तीन दिवसांत खुलासा. मॅडमनी हळूच सांगितलं, सॉरी लिख दो, बात ख़त्म. टेबलवाले साहेबही तेच म्हणाले, आणि चक्क प्रेमाने. पूनमही फोनवर, लिख दे, तेरा के जावै सै.

बाबांशी बोलणं बंदच. मीठ द्या, दार लावा, एवढंच.

२० मार्च, शुक्रवार
खुलासा रात्री लिहून ठेवला होता. एक पान. अर्ज कधी दिला, पोच कधीची, ट्रायल कसली. शेवटची ओळ: झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे. मधेच पेन खाली ठेवलं होतं, मग परत उचलून लिहिलं. सगळेच सांगत होते, आणि मीही थकलेय. बाबांनी केलेलं त्यात कुठे लिहिलं नाही.

कागद टेबलावर ठेवून अंघोळीला गेले. आले तर बाबा चष्मा लावून बसलेले, पेन उघडं. वर विषयाची ओळ सुधारलेली. अर्जाचा नंबर टाकलेला. आणि शेवटची ओळ खोडलेली, एकदा नाही, दोनदा.

"दिलगीर कशाबद्दल?" म्हणाले. मी म्हटलं, सगळे म्हणतायत. ते म्हणाले, "छत्तीस वर्षांत मला चार मेमो आले. एकालाही मी हे लिहिलं नाही. फक्त कारण लिहायचं आणि सही करायची. तू परीक्षा बुडवलीस त्याचा मला राग आहे, आणि राहील. पण तो घरातला आहे. तो त्यांना कशाला द्यायचा?"

सेक्शनमध्ये जाऊन आल्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही काढलं नाही. कागद फेअर केला, त्यांच्यासमोर सही केली, पूर्ण आडनाव घालून. त्यांनी वाचलं, घडी घातली, पाकिटात टाकलं, आणि विचारलं, यादी कधी लागणार?

अजून लागलेली नाही. उद्या प्रॅक्टिस सहाला.