फरशी ओली होती

३ जून
आज दुकानात मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका बाईंच्या पायात बूट चढवायला खाली बसले आणि उठताच येईना! शेवटी त्यांच्याच मांडीला धरून उठले. "सावकाश हो, मावशी," त्या म्हणाल्या. माझ्याहून चांगल्या मोठ्या होत्या! मालक गल्ल्यावरून बघत होते. "पुढच्या महिन्यापासून पिशव्या भरायला बसता का?" म्हणजे कायमची कोपऱ्यात.

८ जून
डॉक्टरीणबाईंनी तपासण्या बघितल्या. पाळी जाऊन चार वर्षं झाली तरी अंगातून वाफा निघतात, त्यासाठी हार्मोनची पट्टी दिली. कमरेखाली चिकटवायची. शिवाय रात्रीची गोळी. हाडांनाही आधार होईल म्हणाल्या. मी खूश! "म्हणजे आता पायांत जोर येईल?" त्या हसल्या — "पट्टी तुमच्या वतीनं उठाबशा काढणार नाही." खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, पाण्याच्या बाटल्या उचलायच्या, एका पायावर उभं राहायचं. रोज.

घरात कुणाला सांगितलं नाही. या वयात हार्मोन! सासूबाई म्हणतील, "आमच्या वेळी नव्हती असली थेरं."

१५ जून
व्यायाम बाथरूममध्ये करते. कमोडचं झाकण लावून त्यावर उठबस. बादलीत नळ सोडून ठेवते, धापा ऐकू जाऊ नयेत म्हणून. घरच्यांना वाटतंय माझं पोट बिघडलंय. ह्यांनी काळजीनं औषधाची बाटली आणली. काय करणार? मुकाट्यानं एक चमचा प्यायले.

२१ जून
सासूबाईंच्या वॉकरची ठकठक ऐकली की अजून माझी नजर आधी फरशीकडे जाते. दहा-अकरा वर्षं झाली. मी फरशी पुसली होती, त्या पडल्या, खुबा मोडला. आल्यागेल्याला अजून सांगतात — "सुनेनं फरशी ओली ठेवली." मी कपबश्या गोळा करायच्या निमित्तानं आत पळते. ज्या बाईचा मी पाय मोडला तिच्यासमोर स्वतःच्या गुडघ्यांचं रडगाणं कोणत्या तोंडानं गाऊ?

२ जुलै
आज बूट चढवून उठले — हात न टेकता! मालक बघत होते. पिशव्यांचं नावही काढलं नाही. घरी येताना एकटीच हसत होते. वेडी म्हणतील लोक.

९ जुलै
पडले. एका पायावर, तेही डोळे मिटून — नको तो शहाणपणा! कडी लावायची राहिली होती. आवाज ऐकून सासूबाई दारात. मी खाली, गाऊन कमरेपर्यंत, पट्टी उघडी, नळ धो धो चालू. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं! लागलं फारसं नाही, पण तोंडातून निघून गेलं, "घसरले. फरशी ओली होती."

त्यांनी फरशीकडे पाहिलं. ठणठणीत कोरडी. बादली कडेच्या मोरीत होती, पाणी सगळं तिथूनच वाहून जात होतं.

वॉकर वळवून खोलीत गेल्या. रात्री जेवल्याही नाहीत.

१० जुलै
सकाळी सासूबाईंनी खोलीत बोलावलं. "दार लोट." मग भिंतीकडे बघत — "तेव्हा माझेच पाय लटपटले होते. सांगायची लाज वाटली. फरशी कोरडीच होती गं."