सात मिनिटं आणि एक श्रोता

ता. ४ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर दोनदा नुसतं हो-हो म्हणून रिसीव्हर वहिनीच्या हातात दिलास, म्हणून मुद्दाम लिहायला बसले. बातमी अशी की तुझी बहीण वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात जायला लागली आहे. आधी हसून घे.

झालं असं की आमच्या रुग्णालयातल्या चौकशी विभागाच्या प्रमुख पुढच्या काही वर्षांत निवृत्त होणार. बावीस वर्षं मी तिथे फोनवर बसले, तरी पदवी नसेल तर ती खुर्ची मिळायची नाही, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून संध्याकाळचं कॉलेज. पहिल्या सत्रात एक विषय सगळ्यांना सक्तीचा आहे, 'भाषण आणि संवाद, प्राथमिक'. मी म्हटलं, दिवसाला तीनशे माणसांशी बोलणारी मी, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ.

दादा, पुरती शोभा झाली. पहिल्याच तासाला उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची होती. समोर चाळीस चेहरे. फोनला चेहरा नसतो, हे बावीस वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. उभी राहिले आणि तोंडातून निघालं की नमस्कार, चौकशी विभाग, कुठला वॉर्ड हवा आहे? मागच्या बाकावरून कुणीतरी बाळंतिणींचा म्हणून सांगितलं, आणि मी सवयीनं थांबा, जोडते म्हणाले. वर्ग हसून हसून आडवा झाला.

आमच्या बाई माझ्या लेकीहून लहान आहेत, पण कडक. सप्टेंबरअखेर सात मिनिटांचं भाषण करायचं आहे, ऐकणाऱ्याचं मन वळवणारं. त्यात नापास झाले तर पुढच्या सत्रात प्रवेश नाही, म्हणजे खुर्चीचं नावच नको.

कळावे. लोभ आहेच, तो मार्क कळेपर्यंत तरी कमी करू नये.

तुझी,
टकळी

*

ता. १२ जुलै

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद. पैकी निम्मे परीक्षेसाठी राखून ठेव.

पत्र वाचून करमणूक झाली. तू लहानपणी तापानं फणफणली होतीस तेव्हा डॉक्टरांनी तापमापक काखेत लावायला सांगितला होता, कारण तोंडात ठेवला की तू बोलायचीस. ती मुलगी चाळीस माणसांना घाबरते हे ऐकून देवही हसला असेल.

माझ्याकडून शीक. दुकानात माझ्यासमोर एका वेळी तीस शिलाई मशीन असतात, मी सगळ्यांशी बोलतो, एकही उलटून बोलत नाही. गिऱ्हाईक नुसतं चाक फिरवतं आणि मी पाठमोरा बसून सांगतो की शटल झिजलंय का पट्टा सैल पडलाय. तेवढं नाव कमवायला तीस वर्षं गेली. तू सात मिनिटांना घाबरतेस.

तुझ्या वहिनीची तब्येत ठीक. माझीही. पाकीट चिकटवून टाकायला तिच्याकडे देतो आहे.

लोभ दुकानातल्या तेलासारखा आहे, पुसला तरी जात नाही.

तुझा,
दादा

(ता. क. वन्सं, पाकीट माझ्या हातात आलं म्हणून चार ओळी. ह्यांना नीट ऐकू येत नाही हो. किटलीची शिट्टी वाजत असते आणि हे शेजारी बसून पेपर वाचतात. हल्ली स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला लावून मूठ दातात धरतात, आवाज दातांतून कळतो म्हणे, कानानं भागत नाही म्हणून. या महिन्यात दोन मशीन परत आली. असंच चाललं तर दुकान बसेल. मी विषय काढला की उठून जातात. तुमचं ऐकतील. मी लिहिलं हे मात्र सांगू नका. वहिनी)

*

ता. २४ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीनं मला काहीही लिहिलेलं नाही, हे आधीच सांगते.

सध्या वर्गात 'ऐकणे' हा धडा चालू आहे. बोलण्याच्या कोर्सात महिनाभर ऐकायलाच शिकवतात, याची मला गंमत वाटते. त्यावरून सहज आठवलं म्हणून लिहिते. आमच्या इथे कानाचे डॉक्टर माझ्या खोलीपासून दोन दारं सोडून बसतात. स्वभावानं फार चांगले. पन्नाशीनंतर सगळ्यांनीच एकदा कान दाखवावेत म्हणतात. तू कधी इकडे आलास तर रांगेतही उभं राहावं लागणार नाही. सहजच हं.

कळावे. लोभ सहज असावा, मुद्दाम नको.

टकळी

*

ता. १ ऑगस्ट

चि. टकळीस,
आशीर्वाद.

वहिनीनं काही लिहिलं नाही हे तू इतकं ठासून सांगितलंस की मी तिच्याकडे दोनदा चहा मागितला, आणि दोन्ही वेळा तिनं माझी नजर चुकवली. तुम्ही दोघींनी चोरी करायचं ठरवलंत तर आधी पोलिसांना कळवून मग कराल.

माझे कान ठणठणीत आहेत. वाढत्या वयात थोडं इकडेतिकडे व्हायचंच. पण कान तपासायला गेलो आणि बाजारात त्याचा गवगवा झाला, तर माझ्याकडे मशीन कोण आणणार? हे घर कानावर उभं राहिलंय बाई. तेव्हा हा विषय इथेच पुरे.

तुझं एखादं भाषण पाठव. मी मार्क देतो.

लोभ आहे, कानाचा नाही तर मनाचा.

दादा

*

ता. १० ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आयताच सापडलास. आमच्या बाईंनी सगळ्यांना एक माहितीपर भाषण कॅसेटवर भरायला सांगितलं आहे. ते घरच्या एका माणसाला ऐकवून त्याचा लेखी अभिप्राय आणायचा. आमचे हे माझ्या बाजूनंच लिहिणार, म्हणून तुला नेमलंय. विषय आहे, रुग्णालयातला फोन कसा चालतो. सोबत कॅसेट आहे. खोटी स्तुती करू नकोस, त्याचे मार्क कापतात.

कळावे. लोभ असावा, अभिप्राय त्याहून आधी यावा.

टकळी

*

ता. १७ ऑगस्ट

चि. टकळीस,
आशीर्वाद.

अभिप्राय पुढीलप्रमाणे. बाईंना दाखवायला हरकत नाही.

वक्त्रीचा आवाज स्वच्छ व खणखणीत आहे. सुरुवातीला घसा खाकरल्यासारखं वाटलं, ते टाळावं. मध्यभागी घाई होते, गाडी चुकत असल्यासारखी. जिथे हसू आलं तिथे ते दाबलं, ते दाबू नये, कारण वक्त्रीचं हसू तिच्या बोलण्याहून बरं आहे. माहिती भरपूर. शेवट जरा लांबला, पण तो घराण्याचाच दोष आहे. दहापैकी सात.

सातावर नाराज होऊ नकोस. आईनं तुला कधी पाचाच्या वर दिले नसते.

लोभाचे मात्र पैकीच्या पैकी.

दादा

*

ता. २४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा अभिप्राय बाईंनी वर्गात वाचून दाखवला. सगळे हसले. असा श्रोता प्रत्येकाला मिळावा असं बाई म्हणाल्या. मी ऐटीत घरी आले, मैत्रिणीला भाषण ऐकवावं म्हणून रेकॉर्डर उघडला, तर माझी कॅसेट आतच होती.

दादा, मी दोन कॅसेट आणल्या होत्या, दोन्ही सारख्या दिसणाऱ्या. तुला पाठवली ती कोरी होती. तिच्यावर माझा घसा नाही, हसू नाही, काहीच नाही.

आधी मी खूप हसले. ह्यांना सांगतानाही हसले. मग सांगता सांगता रडूच आलं. तू ती लावून बसला असशील, आवाज वाढवला असशील, आणि कॅसेट कोरी असेल हे तुझ्या मनातही आलं नसेल. तुला वाटलं असेल की कानच गेले. आणि तरी तू मला सात मार्क दिलेस.

मी रागावलेली नाही. तू मात्र आता खरं लिही. माझी शपथ आहे असं म्हणणार नाही, बाईंनी सांगितलंय की मन वळवताना शपथा घालायच्या नाहीत.

तुझी,
टकळी

*

ता. १ सप्टेंबर

चि. टकळीस,
आशीर्वाद.

पकडलंस. आता लपवण्यात अर्थ नाही.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. कॅसेट लावली. काही येईना. आवाज पूर्ण वाढवला, टेपरेकॉर्डरला कान लावला, मग हनुवटी टेकवून पाहिली. उलटी बाजू लावली. पुन्हा पहिली. टकळे, घाम फुटला मला. वर्ष-दोन वर्षं ऐकणं कमी होत होतं हे माहीत होतं, पण असं एका दुपारी सगळं संपेल असं वाटलं नव्हतं. समोरच्या स्टुलावर बसून राहिलो. थोड्या वेळानं गिऱ्हाईक आलं, त्याचं थोडंफार ऐकू आलं, तेव्हा जिवात जीव आला. मग वाटलं, गिऱ्हाईकाचा येतो आणि तुझाच आवाज तेवढा येईनासा झालाय. ते जास्त लागलं.

अभिप्राय लिहायला काही अडचण आली नाही. तू कशी बोलतेस ते मला पाठ आहे.

पण डॉक्टरांचं नाव काढू नकोस. कानात यंत्र घालून मशीन तपासणारा माणूस मी स्वतः तरी माझं मशीन द्यायला निवडला नसता. जितके दिवस निभेल तितके निभवू. तुझ्या वहिनीला हे पत्र दाखवलेलं नाही.

लोभ ठेव, धाक घालू नकोस.

दादा

*

ता. १० सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

धाक घालत नाही, मदत मागते.

माझं शेवटचं भाषण २६ तारखेला संध्याकाळी सहाला आहे. तीनदा सराव झाला, तिन्ही वेळा दुसऱ्या मिनिटाला माझी वाचा बसली. बाई म्हणाल्या की चाळीस जणांचं मन वळवायला जाऊ नकोस, एकच माणूस डोळ्यांसमोर आण, खराखुरा, ज्याचं मन वळावं असं तुला मनापासून वाटतं. पाहुणा आणायला परवानगी आहे. विषय तुला माहीत आहे, लपवाछपवी नाही.

तू समोर बसलास तर मला बाकीचे चाळीस दिसणार नाहीत. तू नाही आलास तर मी नापास होणार, हे मी बाईंच्या नव्हे, माझ्या अनुभवावरून सांगते. ऐकून घे, मग खुशाल नाही म्हण. मी पुन्हा विषय काढणार नाही.

कळावे. लोभ घेऊन यावे, पहिल्या बाकावर बसावे.

टकळी

*

ता. २ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. बासष्ट, म्हणजे पास. पुढच्या सत्राची फीही भरून आले. बाईंचा शेरा असा की वक्त्री टेबल सोडून खाली उतरली, एकाच श्रोत्याच्या बाकाशी जाऊन उभी राहिली आणि उरलेल्या वर्गाकडे सहा मिनिटं ढुंकूनही पाहिलं नाही, सबब दहा मार्क वजा. मी भांडले नाही. पहिल्या मिनिटात तू कान पुढे करून माझ्या ओठांकडे पाहत होतास, तेव्हा मी टेबलामागे थांबणं शक्यच नव्हतं. वर्ग आहे हेसुद्धा मी विसरले. तू दुकानात लोकांची मोडकी मशीन नीट होईपर्यंत सोडत नाहीस आणि स्वतःला मात्र जितके दिवस निभेल तितके म्हणतोस, एवढंच मला सांगायचं होतं. ते सांगायला सात मिनिटं लागली.

पण खरं भाषण तुझं झालं. बाईंनी रीतीप्रमाणे पाहुण्यांना विचारलं की मन वळलं का. तू उभा राहिलास, शर्ट खाली ओढलास, आणि चाळीस अनोळखी माणसांना सांगितलंस की मला कमी ऐकू येतं, ते लोकांना कळेल याची मला भीती वाटत होती, उद्या सकाळी मी हिच्याबरोबर डॉक्टरांकडे जातो. पंधरा सेकंदसुद्धा लागले नाहीत. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. तुला किती मार्क दिले ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

आता यंत्र मिळालंय तर घालतोस ना? का डबीत ठेवून रोज दर्शन घेतोस? वहिनीला विचारणार नाही, ती खरं सांगते.

कळावे. लोभ वाढला असेल तर लिहून कळवावे.

टकळी

*

ता. १५ ऑक्टोबर

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद, यावेळी काही राखून न ठेवता.

घालतो. पण पहिले आठ दिवस टोपी कानापर्यंत ओढून बसलो होतो, हे कबूल करतो. घरात फार गोंगाट आहे. पंखा कुरकुरतो, पेपरचं पान उलटलं तर कुणी पत्रा फाडतंय असं वाटतं, आणि तुझी वहिनी काम करताना स्वतःशी बोलते. निम्मं माझ्याबद्दल असतं. तीस वर्षं बोलत असेल तर बरंच ऐकायचं राहिलंय.

मशीनचं म्हणशील तर स्क्रूड्रायव्हर आता हातातच असतो, दातात नाही. शटलचा आवाज पहिल्यासारखा येत नाही, जरा पत्र्याचा येतो, पण येतो. सवय होईल असं डॉक्टर म्हणाले.

काल पडदे शिवणाऱ्या बाई मशीन घेऊन आल्या. जुनं गिऱ्हाईक. मनाचा हिय्या केला, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि त्यांना सांगून टाकलं की मला गेली दोन वर्षं कमी ऐकू येतं, आता यंत्र लावलंय, यापुढे काम चुकणार नाही. वाटलं, बाई मशीन उचलून चालू लागतील. त्या म्हणाल्या की माहीत आहे. त्यांना माहीत आहे, बेकरीवाल्याला माहीत आहे, चपला शिवणाऱ्याला माहीत आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे. मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं की माझ्याशी जरा मोठ्यानं बोलायचं. आणि माझ्याकडून नेलेलं मशीन नीट चाललं नाही, तर बहुतेक जण गुपचूप दुसरीकडे दाखवून आणायचे. पण पहिलं माझ्याकडेच आणायचे.

टकळे, दोन वर्षं अख्खी गल्ली माझ्यासाठी ओरडत होती, आणि मी रोज घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगायचो की हल्ली माणसं फार तापट झाली आहेत. बाई गेल्यावर दुकानाचं दार लोटून घेतलं आणि पोटभर रडलो. मग तोंड धुऊन दार उघडलं. समोरून बेकरीवाला नेहमीसारखा ओरडून विचारत होता की चहा घेणार का. आता ओरडायची गरज नाही, असं मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, एक दिवस ऐकून तर घेऊ.

कळावे. लोभ करणारे किती निघाले याचा आता हिशेब लागत नाही, तुझं नाव त्यात पहिलं धर.

तुझा,
दादा