घट्ट फिरकी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (सध्या डाव्या कुशीवर वळता येत नाही, तेव्हा तेवढा भाग मनानं घालून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला? इकडे सगळे मजेत, माझा डावा कान सोडून.

कान टोचून घेतला. हसू नकोस. तुझ्या भाचीला कानात घालायची हौस दांडगी, पण सुईचं नाव काढलं की स्वारी पलंगाखाली. म्हणाली, आधी बाबा. मीही फुशारकीत हो म्हणून बसलो. (ही म्हणते, ताईंनी इतकी वर्षं तुमचे कान टोचले, तेव्हा कधी भोक पडलं नाही!) टोचणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, मीठपाण्यानं पुसा, एरवी हात लावू नका. पण मागची फिरकी त्यांनी सैल ठेवली होती. आता तूच सांग, तीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला सैल स्क्रू बघवेल का? रोज सकाळी अर्धा आटा आवळत गेलो, तोही भुशाच्या हातांनी. चौथ्या दिवशी कानाची पाळी लाल, गरम, टम्म. पाचव्या दिवशी पिवळा पू, आणि फिरकी मांसात रुतलेली. वर्कशॉपमध्ये जो तो माझी फिरकी घेतोय आणि माझी मला निघत नाहीये! पोरीनं विचारलं, दुखतंय का? मी म्हटलं, छे! तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि कानातल्यांची डबी आईला परत देऊन टाकली. ताई, ते मला कानापेक्षा जास्त लागलं.

शेवटी पक्कड घेऊन आरशासमोर उभा राहिलो, तर हिनं ती हिसकावली आणि मला थेट डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या आधी खेकसल्या. फिरकी सैल ठेवतात ती सुजेला जागा म्हणून. मी कानातलं ओढून काढलं असतं, तर भोक बुजून पू आत कोंडला असता. थोडी सूज, पांढुरकी खपली चालते. पण पू, पसरणारी लाली, ताप दिसला की अंगावर काढायचं नाही. त्यांनी फिरकी सोडवली, लांब दांडीचं कानातलं घातलं, गोळ्या दिल्या. (मी हूं की चूं केलं नाही. बेशुद्ध माणूस करतही नाही.)

घरी आल्यावर पोरीला खरं सांगून टाकलं. दुखलं, भरपूर दुखलं, आणि चूक माझीच. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मग मी आवळणार नाही." आता सकाळ-संध्याकाळ हात धुऊन, कपाळाला आठ्या घालून तीच माझा कान पुसते. पू थांबला, सूज उतरतेय. काल तिनं ती डबी आईकडून मागून घेतली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तुझाच,
धाकटा

ता. क. : रविवारी तिचे कान टोचायचेत. हात धरायला तिला आत्याच हवी आहे. नक्की ये. मला बाहेर बसायचा हुकूम झालाय.

आणखी एक ता. क. : भाऊजींनाही आण. बाहेर मला एकट्याला बसवणार नाही.