अप्पांचं ‘व्हय’

९ एप्रिल १९७३
टँकर आला न्हाय! गावची विहीर आटल्यापासून हुकूमच आहे – रोज दहाच्या आत तालुक्याला फोन, तरच टँकर. सकाळी पोस्टातून फोन लावला. चांगली पाच मिनिटं बोललो. पलीकडं गप्प. वाटलं, हणमंतप्पा कारकून वडीलधारे, सावकाश लिहून घेत असतील. कसलं काय! लाईन पहिल्याच वाक्याला मेली होती.
शेजारची भिमाबाई रिकामी घागर आपटून म्हणाली, “मास्तर, भिताडासंगं बोललाव व्हय?” मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११ एप्रिल
युक्ती काढली. हणमंतप्पांना फोनवर म्हणालो, “अप्पा, माझ्या दर वाक्याला तुम्ही ‘व्हय’ म्हणा. ‘व्हय’ आलं न्हाय की लाईन गेली समजंन.”
“व्हय,” म्हणाले.
टँकर आला. रांगेत दोन भांडणं झाली, पण पाणी मिळालं. जिवात जीव आला.

१४ एप्रिल
जयंती. येडशीचे पाहुणे धरून दीडशे माणूस जेवायला, आणि टँकर एकच! काल दोन मागितले होते, दर वाक्याला ठणठणीत ‘व्हय’ आलं होतं. दुष्काळात कचेरीला सुट्टी न्हाय, म्हणून चिडून फोन केला. तर अप्पा म्हणतात, “खरखर लई होती मास्तर, कायबी कळलं न्हाय. पण मोठ्यानं बोलणाऱ्याला मी व्हयच म्हणतो. तीस वर्षं नोकरी ह्याच्यावरच टिकली!”
रागावू का हसू? गल्लीतल्या मालनबाईनं घरचा रांजण उघडला म्हणून अब्रू राहिली.

१९ एप्रिल
‘व्हय’ बंद! आता मी म्हणायचं, अप्पांनी तेच परत म्हणायचं.
“एक टँकर.” “एक टँकर.”
“शाळेपाशी.” “शाळेपाशी.”
बाराखडीचा वर्गच! बायको हसते. हसू दे. चार दिवसांत एक चूक न्हाय. लई हलकं वाटतंय.

२ मे
टँकर वेळेवर.

८ मे
संध्याकाळी वावटळ. तारेचे दोन खांब आडवे, फोन मुका. तालुका अठरा मैल, सायकल मोडलेली, पायी दहाच्या आत पोचणं होत न्हाय. भिमाबाईची सून ओली बाळंतीण आहे, घरात कळशीभर पाणी. उद्या तिला काय तोंड दाखवू?

९ मे
टँकर आला! फोन न करता! रडूच आलं मला. ड्रायव्हरनं अप्पांची चिठ्ठी दिली –
“मास्तर, दहा वाजले तरी तुमचा फोन न्हाय. म्हंजी लाईन मेली. तहान थोडीच मेली? इथून पुढं टँकर नको असंल त्याच दिवशी फोन करा.”