पिठावरचं गाव

न्यू जर्सी
१९ फेब्रुवारी १९८५

प्रिय सुलेखा,

तुझं पत्र आणि सॅन होजेचं कॅलेंडर पोचलं. तुझ्या भावानं, प्रतापनं, ते फ्रिजवर लावलंय. तुमच्याकडे लिंबं लगडलीत आणि इथे अंगणातली गाडी बर्फातून उकरून काढावी लागते. फोनवर तू दोनदा विचारलंस, "बाबा, आवाज का असा पडलाय?" मी म्हणालो, थंडी. थंडी नव्हती गं.

आमच्या चर्चनं एल साल्वादोरमधून जीव वाचवून आलेल्या बाईला आसरा दिलाय, हे तुला माहीत आहे. मार्ता हे तिचं आम्ही ठेवलेलं नाव. तिच्या भावाला सैनिकांनी घरातून नेलं, तो परत आला नाही. इथलं सरकार अशा लोकांना माघारी धाडतं, म्हणून ठरावाच्या सभेत बरीच वादावादी झाली. मिस्टर हॅरिस उठून म्हणाले, "कायदा मोडायला माझा हात वर होणार नाही." आणि मार्ता आली त्या दिवशी तळघरातल्या संडे स्कूलच्या खोलीतला हीटर दुरुस्त करायला कुरकुरत पहिले हजर कोण, तर तेच! पास्टर रूथबाईंनी स्वयंपाकघराच्या दारावर सूचना लावली. तिचं खरं नाव विचारू नका, गाव विचारू नका, ती सांगेल तेवढंच ऐका आणि ते बाहेर नेऊ नका. अक्षर माझं. नगरला चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस हाताशी असताना दुसऱ्या कुणाला कशाला सांगतील? चांगल्या ठसठशीत अक्षरात लिहिली मी ती.

पहिल्या आठवड्यात बायका प्रेमानं चीज घालून भट्टीत भाजलेले कॅसरोल आणायच्या आणि मार्ता दोन घास खाऊन ताटली झाकून ठेवायची. तिला काय आवडतं हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. मी मक्याचं पीठ घेऊन गेलो. तिनं तळव्यांवर थापून भाकरी केली, आपल्यासारखीच, फक्त पुरीएवढी. मी सोबत हिरवी मिरची कचकन चावली तर ही पोट धरून हसली. तिला हसताना तेव्हा प्रथम पाहिलं.

आता पुढचं लिहायला पेन जड झालंय. सुलू, मला या देशात येऊन नऊ वर्षं झाली, पण मला कुणी गाव विचारलं नाही. "इंडिया? नाइस!" की संपलं. त्र्यंबक म्हणता येत नाही म्हणून मी 'टिम' झालो. आपल्याकडे पाहुणा पाणी पिऊन भांडं खाली ठेवतो न ठेवतो तोच विचारतात, कुठले तुम्ही, कुणाचे? मार्ताला ते विचारायचं नाही म्हणजे तिला उंबऱ्यावर तिष्ठत ठेवल्यासारखं मला वाटायचं. म्हणून मी तुला फोन केला. तू हॉस्पिटलात पेशंटांशी स्पॅनिश बोलतेस. जेवलीस का, थंडी वाजते का, ही दोन वाक्यं तू शिकवलीस. तिसरं मी मागितलं, तुझं गाव कोणतं? तू म्हणालीस, "बाबा, चालेल का असं विचारलेलं?" मी म्हणालो, "अगं, पास्टरबाईंनीच सांगितलंय." वाक्य तुझं होतं, दोष तुझा नाही. मी तुझ्याशी खोटं बोललो.

मार्तानं आधी दाराकडे पाहिलं. मग तिनं ओट्यावरच्या पिठात बोटानं स्वतःचं खरं नाव लिहिलं, त्याखाली गावाचं. खाली चर्च काढलं, विहीर काढली, आणि एक घर काढून म्हणाली, "मामा." म्हणजे आई. आणि लगेच तळवा फिरवून सगळं पुसून टाकलं. मला वाटलं, ओटा स्वच्छ करतेय.

जानेवारीत कडाका पडला. तिच्या अंगावर एक पातळ स्वेटर. मी प्रतापच्या गॅरेजमध्ये इंग्रजीत तीन पाट्या रंगवल्या. आमच्या चर्चच्या पाहुणीला गरम कोट हवा आहे. तिचं खरं नाव निळ्यात, गाव लाल रंगात, सावली देऊन. एक आयसेलिनच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानात लावली, एक शेजारच्या लाँड्रीत, एक बसस्टॉपवर. चर्चमध्ये कुणाला बोललो नाही, एकदम ढीग घेऊन जाईन म्हटलं. अकरा कोट जमले. पण कोटाचं निमित्त होतं गं. आपली माणसं थांबून वाचत होती, "काय काका, तुमच्याकडे पाहुणी? अक्षर तुमचंच ना?" आणि माझी छाती फुगत होती. इथे आल्यापासून पहिल्यांदा मी यजमान झालो होतो.

बारा दिवसांनी दोन सरकारी माणसं चर्चच्या दारात आली. त्यांनी नाव विचारलं ते खरं, आणि गावही बरोबर. मार्ता तेव्हा डॉक्टरकडे होती म्हणून वाचली. तिला परस्पर दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये हलवलं. जाताना तिनं पास्टरबाईंना एवढंच विचारलं, "माझं गाव कुणाला कळलं? आई अजून तिथेच आहे." मी धावत लाँड्रीत गेलो. पाटी नव्हती, टेपचे चार तुकडे भिंतीला होते. उरलेल्या दोन काढून आणल्या आणि रंगाच्या डब्यांमागे लपवल्या.

सगळे म्हणतात, हॅरिसनं कळवलं. त्यांच्या बाकावर आता कुणी बसत नाही. तीन रविवार मी हे पाहतोय आणि गप्प आहे. परवा उपासनेनंतर ते माझ्यापाशी आले, हात पुढे करून म्हणाले, "थंडी फार आहे, टिम, जपून घरी जा." मी हात मिळवला.

शनिवारी मी पास्टरबाईंना सांगणार आहे, रविवारी सगळ्यांना, त्या दोन पाट्या हातात घेऊन. नगरच्या मंडळीत, आपल्या चर्चमध्ये, विश्वासाची साक्ष द्यायला मी किती उत्साहानं उठायचो, आठवतं ना? आता उठावंसं वाटत नाही. पण तुला लिहितोय ते दुसऱ्याच कामासाठी. सोबतचा कागद मार्तासाठी आहे. तो स्पॅनिशमध्ये करून पाठव, पास्टरबाई तिच्यापर्यंत पोचवतील. बाप म्हणून माझी बाजू सावरू नकोस. 'त्यांना माहीत नव्हतं' असं त्यात कुठेही घालू नकोस, दारावरचं अक्षर माझंच होतं. तिच्या आईसाठी रोज प्रार्थना करतो हे मात्र ठेव. तिचं खरं नाव मी त्यात लिहिलेलं नाही, गावही नाही. तिथे जागा कोरी सोडलीय. ती तशीच राहू दे.

तुझाच,
बाबा