हात लांब ठेव

प्रिय दादा,

फोन हाताशी असताना ही बया कागद का काळे करतेय, असं म्हणत असशील. पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? बोटाचं ऑपरेशन झाल्यापासून तुझं एकच पालुपद, "मी मजेत आहे, ठेवतो." कागदावर तुला मधेच "ठेवतो" म्हणता येणार नाही.

आपल्या स्टीलच्या वाटीची हकिगत आठवते? तू शिकाऊ डॉक्टर होतास. मणक्याचं हाड चेपलं की पाठीतून जाड सुई घालून त्यात सिमेंट भरतात, हे आईला काही केल्या पटेना. म्हणून तू मुदत संपलेलं एक पाकीट घरी आणलंस आणि तिच्या वाटीत घोटायला बसलास. घरभर नेलपॉलिशसारखा उग्र वास! "आधी पातळ, मग टूथपेस्टसारखं, मग दगड. टूथपेस्ट असतानाच भरायचं," असं तू समजावत राहिलास आणि तेवढ्यात चमचा वाटीत ताठ उभा. आई म्हणाली, "डॉक्टर झालास की गवंडी?" बाबा इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

मी ऑपरेशनच्या हत्यारांच्या कारखान्यात लागले ती त्या हसण्यामुळेच, असं मला अजून वाटतं. पहिल्यांदा तुझ्या ऑपरेशनला आत उभी राहिले तेव्हा शिशाच्या ॲप्रनच्या वजनाने माझे खांदे भरून आले होते. तू मात्र गुणगुणत होतास. क्ष-किरणांच्या पडद्यावर सुई दिसत होती, हाडात हळूहळू पसरणारं काळं सिमेंट दिसत होतं, आणि कडेला तुझ्या बोटांची हाडं. मी म्हटलं, "दादा, अंग झाकलंस, पण हातांचं काय?" तू म्हणालास, "कुठे थांबायचं ते हातालाच कळतं गं. लांबून कसं कळणार?" आणि ते खोटं नव्हतं. थोडं जास्त गेलं की सिमेंट नसांकडे सरकतं. तुझ्या हातून ते कधी सरकलं नाही. म्हातारी माणसं स्ट्रेचरवर यायची आणि दुसऱ्या दिवशी चालत घरी जायची. तुझा केवढा अभिमान वाटायचा मला! त्या अभिमानाच्या भरात हातांचं पुन्हा काही विचारायचं राहूनच गेलं.

मग बोटावरची ती जखम. आधी भाजल्यासारखी, मग भरेचना, आणि शेवटी पेरच काढावं लागलं. क्ष-किरणांजवळ पुन्हा जायचं नाही, असं बजावलं होतं तुला. तरी जुने पेशंट रडत आले म्हणून दोनदा गेलासच. आम्हाला कळलं होतं ते. आईने त्या दिवशी ताटावरून उठून जाऊन गॅलरीचं दार लावून घेतलं.

तेव्हापासून, हात किरणांबाहेर ठेवून सिमेंट भरता येईल अशा लांब नळीच्या मी मागे लागले. नळी लांब केली की जोर मधेच विरायचा, आणि इकडे नळीची मूठ फिरवायची थांबवली तरी तिकडे सिमेंट पुढे सरकायचं. प्लास्टिकचे किती मणके वाया घालवले, विचारू नकोस. आता मूठ किंचित उलटी फिरवली की सिमेंट जागच्या जागी थांबतं, आणि आतला दाब तळहाताला कळतो. परवानगी मिळाली, इस्पितळांत वापर सुरू झाला. तुझी ती चिवचिवणारी विद्यार्थिनी, आपली चिमणी, आता हेच वापरते. शिशाच्या पडद्याआड उभी राहते, हात किरणांपासून लांब ठेवते, आणि गुणगुणते. चाल तुझीच, पण पार बेसूर.

परवा तिने एका म्हातारीच्या मणक्यात सिमेंट भरलं, तेव्हा मी आत होते. म्हातारी पालथी झोपली होती, पण जागी होती. वास आल्याबरोबर म्हणाली, "वाटी तेवढी माझी घेऊ नका." चिमणीला काही कळलं नाही. मला हसू येत होतं आणि मास्क भिजत होता.

होय दादा, आईच. बादली उचलताना पाठीत कट्कन झालं. इतके दिवस ती तुझ्याशी फोनवर बोलायची ती अंथरुणात पडूनच, आणि "आवाज का बसलाय?" विचारलंस की सर्दीवर ढकलायची. तुला कळवायचं नाही, असं तिने मला शपथेवर बजावलं होतं. म्हणाली, "परक्यांसाठी गेला तो. माझ्यासाठी तर दोन्ही हात घालेल." आता ती हिंडतेफिरतेय, माझ्या स्वयंपाकघरात नाक खुपसतेय. रविवारी मी तिला घेऊन तुझ्याकडे येतेय. सगळं स्वतःच्या तोंडाने सांगणार होती, पण दारात तिच्यासमोरच तुझा भडका उडू नये, म्हणून हे पत्र आधी. काय चिडायचं ते माझ्यावर चिडून घे. फक्त ती आली की हात खिशात घालून उभा राहू नकोस. तुझं ते बोट तिने अजून पाहिलेलं नाही, आणि ती त्यासाठीच येतेय.

तुझंच,
शेंडेफळ