राखी करकोचा

२ फेब्रुवारी

हे जाऊन वर्ष झालं. आता रडायचं नाही, असं ठरवलं. मी ठरवलं की करते. ह्यांचा कॅमेरा कपाटातून काढून पुसला. डोळ्यांत पाणी आलं, पण ते धुळीमुळे.

पक्षीमंडळाचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे. हे इतकी वर्षं मंडळाबरोबर रानोमाळ हिंडले, पण भिंतीवर ह्यांचा एकही फोटो कधी लागला नाही. दिलाच नाही. काढलेला फोटो बघायचे, ‘अजून नीट नाही’ म्हणायचे आणि पुसून टाकायचे. ह्यांचं नाव त्या भिंतीवर मी लावणार. कॅमेरा ह्यांचा, म्हणजे फोटोही ह्यांचाच.

नणंदेला फोन केला. ती त्याच मंडळात आहे. म्हणाली, वहिनी, माझ्या लग्नातसुद्धा तुम्ही काढलेल्या फोटोंत दादाला डोकं नव्हतं. वन्संचा स्वभाव पहिल्यापासून असाच.

६ फेब्रुवारी

सहलीत नाव घातलं. काळा करकोचा बघायला जायचं आहे. कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक निम्मं वाचलं. निम्मं पुरतं. लायब्ररीतून पक्ष्यांचं पुस्तकही आणलं. माझी शाळा लवकर सुटली, पण वाचलेलं मी विसरत नाही. काळा करकोचा: चोच लाल, पाय लाल, पोट पांढरं, बाकी काळा. संपलं. ह्यासाठी लोक वर्षानुवर्षं काय शिकतात कोण जाणे.

संकल्प: सहलीत कमी बोलायचं.

१० फेब्रुवारी, बसमध्ये

संकल्प पाळला. फक्त ह्यांच्याविषयी बोलले. ते बोलण्यात धरत नाही. शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. डोळे मिटून ऐकत होत्या, इतक्या रमल्या. मग मागच्या सीटवर गेल्या. तिथे पाय पसरता येतात म्हणे.

मंडळाचा प्रमुख बँकेतून रिटायर झालेला आहे, पण टोपीमुळे सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. त्याने बसमध्ये उभं राहून शिकवणी घेतली. म्हणाला, कॅमेऱ्याला काळं म्हणजे काळं हे कळत नाही. त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो आपला उजेड वाढवतो. तेव्हा काळा पक्षी जवळ असला, मागेही गडद झाडी असली, तर कॅमेऱ्यावरची उजेडाची चकती मायनसकडे फिरवायची. प्लसकडे नेलीत तर मेलात.

म्हणजे काळ्याला आणखी काळं करायचं. अंधार पडला की ह्याच्या घरी दिवे मालवत असतील. मी चकती गुपचूप प्लसकडे फिरवून ठेवली, पार शेवटपर्यंत.

११ फेब्रुवारी, सकाळी

तळ्याकाठी गवताचा आडोसा केलेला. त्याला बघायला फटी. मंडळाचा नियम असा की ज्याला पक्षी आधी दिसेल त्याने आधी फोटो काढायचा, मग बाजूला होऊन दुसऱ्याला फट द्यायची. करकोचा आधी मला दिसला. वन्सं म्हणतात त्यांना दिसला आणि त्यांनी बोट दाखवलं. पण बोट दाखवल्यावर बघितलं कुणी? मी.

आमच्या अगदी पुढ्यात आला. मागे काळीभोर झाडी. मी बटण दाबलं ते सोडलंच नाही. कॅमेरा टाइपरायटरसारखा वाजत होता. मागून कुणीतरी माझी बाही ओढत होतं, बहुधा कौतुकाने. मी हळूच म्हटलं, अहो, बघा, आला! हे माझं हळूच. नेमकं तेव्हाच पक्ष्याने उडायचं ठरवलं.

नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. एवढं बघितल्यावर माणसं गप्प होतातच. डॉक्टरीणबाई कॅप्टनला म्हणाल्या, ‘अहो’ कुणाला म्हणाल्या ह्या? मी ऐकलं नाही असं दाखवलं.

११ फेब्रुवारी, दुपारी

गेस्ट हाउसच्या जेवणघरात सगळ्यांचे फोटो लॅपटॉपवर लावले. माझा लागला. पक्षी आहे, पूर्ण आहे, डोकंही आहे. रंग मात्र राखी. चोच गुलाबी. मागची झाडी धुक्यासारखी.

वन्सं म्हणाल्या, वहिनी, हा पीठगिरणीतून आला होता का? डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. वन्संचाही एक फोटो निघाला होता, माझ्या कोपराखालून काढलेला. त्यात पक्षी नुसता काळा. तसा तर पुस्तकातही आहे.

मी विचार केला. कॅमेरा खोटं बोलत नाही. हा राखी करकोचा आहे, वेगळाच. पुस्तकात नाही. म्हणजे आजवर कुणाला दिसलेला नाही. लगेच कॅप्टनला तसं सांगितलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि बाहेर गेला. भारावला.

२० फेब्रुवारी

कॅप्टनचा फोन. तुमचा फोटो प्रदर्शनात हवा आहे म्हणाला. मोठा करून! मी अट घातली, नाव ह्यांचं. तो घुटमळला. बाई, तो वेगळ्या भागात लागणार आहे. म्हटलं, वेगळ्याच भागात लावा. तो म्हणाला, नाव नाही टाकलं तरी चालेल, आम्ही टाकतच नाही तिथे. म्हटलं, टाकायचं. ठळक. तो म्हणाला, नक्की? पुन्हा विचारतो, नक्की? ह्यांच्याबद्दल त्याला इतका आदर असेल असं वाटलं नव्हतं.

ह्यांच्या फोटोपुढे उभी राहून सांगितलं, झालं तुमचं काम. थोडं रडले. ठरवलेलं मोडलं असं नाही, आनंदाचं वेगळं.

८ मार्च

प्रदर्शन.

माझा फोटो दारातच होता. दाराएवढा. वर पाटी: नवशिक्यांनी टाळायच्या चुका. शेजारी वन्संचा काळा करकोचा, त्यावर: असा काढावा. माझ्या फोटोखाली ह्यांचं नाव, ठळक.

एक माणूस बायकोला सांगत होता, बघ, कॅमेरा भारीतला असणार, पण डोकं नको? त्याने नाव मोठ्याने वाचलं आणि दोघं हसली. पाठोपाठ आलेल्यांनीही वाचलं.

वन्सं आल्या. बघत राहिल्या. मला वाटलं टोमणा मारतील. म्हणाल्या, दादा असले फोटो कुणाला दिसायच्या आत पुसायचा. पर्स खांद्याला लावली आणि आपल्या फोटोकडेही न बघता निघून गेल्या.

कॅप्टनला म्हटलं, नाव काढा. माझं लावा, नाहीतर काही लावू नका. तो म्हणाला, एकाच कागदावर छापलंय बाई, आता नाव कसं काढू? दोन दिवसांचा प्रश्न आहे. आणि मी दोनदा विचारलं होतं. मग जरा मऊ आवाजात म्हणाला, सोडा हो, त्यांना आता कोण ओळखतंय.

तेव्हा मी नावापुढे पाठ करून उभी राहिले. माझ्याआड ते बरोबर झाकलं जातं. येईल त्याला सांगत होते, हा मी काढलाय. काही जण नुसते मान हलवून पुढे गेले. एका बाईंनी मात्र थांबून, मला जरा सरकवून, खालचं नाव वाचलं. विचारलं, हे कोण? म्हटलं, माझे मिस्टर, गेले. त्या म्हणाल्या, फोटो असा आला म्हणून तुम्ही त्यांचं नाव पुढे केलंत होय? लाज वाटली म्हणून?

हो म्हटलं.